गुडघ्याखालचा उजेड

परवा संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी नव्या खांबावर मर्क्युरीचा दिवा लागला. सगळी गल्ली माना वर करून उभी. दिवा आधी जांभळट, तापातल्या माणसाच्या ओठासारखा. मग पांढरा होत होत असा काही पेटला, की समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या बनियनचं भोक मला आमच्या फाटकातून दिसलं. शेजारचे म्हणाले, "तुम्ही वीजखात्यातले. तुम्हाला तर भरून आलं असेल!" मी "हो, हो" म्हणालो आणि घरात गेलो. घरातून बाहेर आलो. पुन्हा आत. चौथ्या फेरीला शालिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, एक तर आत तरी बसा नाहीतर बाहेर तरी. उंबरा झिजतोय."

श्रावण संपत आला की मला हे होतं. पण यंदा कारण भिंतीवरच होतं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर मी जूनमध्ये एक वेल चढवलाय. कडू भोपळ्याचा. भाजीचा नव्हे, तंबोऱ्याचा. त्याला आता पांढरी फुलं येऊ लागली आहेत; दिवेलागणीला उमलतात आणि दुसऱ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत मान टाकतात. हे बी माझ्या मामाचं. माझ्या माहितीत या बियाचा आता हा एकच वेल उरला आहे. आणि त्या एकुलत्या एका वेलाच्या डोक्यावर कुणीतरी चंद्र आणून टांगला होता.

कुणीतरी म्हणायला मला काही अधिकार नाही म्हणा. असा एक चंद्र मी स्वतः टांगलेला आहे. मोठ्या दिमाखात. नारळ फोडून.

मामाचा मळा मिरजेच्या पूर्वेला, काळी जमीन संपून माळ सुरू होतो तिथं. एसटीनं दीड तास, मग पाऊलवाट. बाकीच्या रानात जोंधळा, करडई, पण विहिरीजवळचं अर्धा एकर मामा भोपळ्याला ठेवायचा. मिरजेत तंबोरे आणि सतारी करतात, त्यांचा खालचा तो गोल घेरदार भाग म्हणजे वाळलेला भोपळा असतो. मी लग्न होईपर्यंत ते लाकूड समजत होतो. मामाचा भाचा असून! वेल जमिनीवरच पसरायचा. प्रत्येक फळाखाली काडाची गादी, आणि मामा दर चार-आठ दिवसांनी तान्ह्या पोराची कूस बदलावी तसा एकेक भोपळा हलक्या हातानं फिरवायचा. "एका अंगावं पडला तर चपटा व्हतूया," म्हणायचा. "मग सूर बी चपटा."

त्या मळ्यात एक रीत होती. वेल फुलात आला, की रानातून जाताना कंदील गुडघ्याच्या वर उचलायचा नाही. वेलाच्या बाजूला कंदिलावर पोत्याचा तुकडा धरायचा. उजेड फक्त पायापुरता. लहानपणी मला हे भारी गमतीचं वाटायचं. मॅट्रिक झाल्यावर गमतीचं वाटेना, अडाणीपणाचं वाटू लागलं. मी मामाला विचारलं, "एवढ्याशा उजेडात साप दिसणार कसा?"

मामा म्हणाला, "आपल्याला न्हाई दिसला तरी त्याला आपुन दिसतूय की रं. त्यो जाईल बाजूला."

या उत्तरावर मी सांगलीच्या मित्रांना हसवलं. पुढं वीजखात्यात लागलो, ओव्हरसियर झालो, तरी हसवत होतो.

मग दुष्काळ आला. लागोपाठ दोन वर्षं पेरलेलं बी उगवून करपलं. तिसऱ्या वर्षी पावसानं धड तोंड दाखवलं तेव्हा मामीच्या पत्र्याच्या डब्यात मूठभर बी राहिलं होतं. मामाच्या आज्यापासून चालत आलेलं. बाजारात तसं बी मिळत नाही. मिळतं ते लहान भोपळ्याचं. मामानं ती मूठ सगळीच्या सगळी टोकली. डबा उपडा करून ठोकून दाखवला मला. "ह्या साली धरलं तर धरलं. न्हाईतर आमचं भोपळ्याचं घराणं बुडालं."

त्याच साली आषाढात मामी पाटात घसरून पडली. विहिरीवरच्या मोटरीला वीज यायची रात्री. मामी मोटर चालू करायला अंधारात निघाली, पाय सुटला आणि उजवा हात मनगटापाशी मोडला. मिरजेच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालताना ती डॉक्टरांना सांगत होती, "हिरीच्या वाटंवं उजेड लावा म्हनून पाच सालं झाली सांगत्येय ह्यास्नी. ह्यांचं आपलं कंदील, कंदील." आणि मग माझ्याकडे वळून, "बापू, तू येवडा इजेतला. तुज्या मामीला योक दिवा हुईना?"

झालं. माणसाला चढायला दारूच लागते असं नाही.

मी दिवा लावला. साधा बल्ब लावला असता तर तो मी कसला! खांब उभा केला पंचवीस फुटी. त्यावर मर्क्युरी. खरं सांगायचं तर विहिरीला एवढ्या उंच दिव्याची काही गरज नव्हती. पण तेवढ्या उंचीवरून तो एसटीच्या रस्त्यावरून दिसत होता. गाडीतल्या लोकांनी विचारावं, तो उजेड कुणाच्या मळ्यात, आणि कंडक्टरनं सांगावं, ओव्हरसियरच्या मामाच्या. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय. शालिनी वाचेल तर वाचो.

दिवा लागला तेव्हा मामी डाव्या हातानं माझ्या तोंडात पेढा कोंबत होती. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं आली होती. मामा जरा लांब उभा होता. दिवा जांभळ्याचा पांढरा झाला, वेलावरची सगळी फुलं एकदम अशी दिसायला लागली, की जणू कुणी धुतलेले रुमाल टाकलेत. मामा इतकंच म्हणाला, "झ्याक हाय." आणि आपली बाज उचलून खोपटाच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, वाऱ्याला गेला.

त्यानंतर मी दोन आठवडे तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी एसटीत दस्तगीरचाचा भेटले. हे मिरजेचे तंबोरे करणारे. मामाचा भोपळा त्यांच्याशिवाय कुणाकडे जात नसे. फुलोऱ्यात एकदा येऊन वेल बघून जायचा त्यांचा नेम. वाटेत मी त्यांना दिव्याचं कौतुक ऐकवलं. ते नुसते ऐकत होते. मळ्यात पोचल्यावर चपला काढून वेलात शिरले, उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग हाताची ओंजळ माझ्यासमोर धरली. ओंजळीत बोराएवढे, लव असलेले, पिवळे पडून गळलेले भोपळे होते.

"बाई फुलं उमलली, वाट बघितली, गळाली," चाचा म्हणाले. "पाखरूच आलं नाही. हा दिवा कोणी लावला?"

मामी म्हणाली, "आवं, भाच्यानं लावलाय आमच्या."

"तुम्ही इंजिनेर काय?"

"ओव्हरसियर," मी म्हणालो.

"बराबर. इंजिनेर असते तर विचारून तरी लावला असता."

मग त्यांनी मला खांबाखाली नेलं. मामीनं तिथं सकाळीच झाडलं होतं, तरी बुडाशी पंखांचा खच. दोन बेडूक इतके फुगलेले, की उडी मारायचा त्यांना कंटाळा. चाचांनी एक मेलेलं पाखरू, म्हणजे रात्रीचा पतंग, उचललं. करड्या रंगाचं, जवळजवळ चिमणीएवढं. त्याच्या तोंडापाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखं काही गुंडाळलेलं होतं. ते त्यांनी नखानं उलगडलं तर बोटापेक्षा लांब सोंड. "अंधारात फक्त हेच येतं या फुलावर. भिरभिरत उभं राहतं, सोंड आत घालतं, नराचं पीठ मादीला लावतं. तुमच्या दिव्यानं सगळ्यांना बोलावलं आणि इथं फिरवून फिरवून मारलं. फुलाकडं जाणार कोण?"

मी मामाकडे बघितलं. "मामा, तुला हे माहीत होतं?"

"आता म्हाईत म्हंजी..." मामानं पटका सारखा केला. "कंदील खाली धरायचा, येवडं म्हाईत हुतं. दिवा लागल्यावं चार दिसांत ध्यानात आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"भाच्यानं हौसंनं आणल्याली वस्तू. तुला कसं म्हनायचं, काढ म्हून?"

आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. भाच्यानं दिलेलं मामानं परतवायचं नाही. मला पाय धुवायला गरम पाणी देणारा, पहिली भाकरी माझ्या ताटात वाढणारा माझा मामा त्या मानापायी गप्प बसला होता. आणि गप्प बसून करत काय होता, तर रोज तिन्हीसांजेला, गुडघे धरलेले असताना, एकटा वाकून नर फुलं खुडत होता आणि मादीच्या फुलाला लावत होता. एका माणसाचं ते काम नव्हे. शंभरात चार-पाच फुलांपर्यंत त्याचा हात पोचत होता. बाकीची ती चाचांच्या ओंजळीत होती.

मी तडक खांबाशी गेलो. दिवा तोडून टाकायचा. मामी आडवी आली, प्लॅस्टरचा हात पुढं करून. "खबरदार हात लावशील तर!"

"अगं मामी, बी जाईल!"

"आन माजं हाड? शेजारच्या मळ्यातल्या दोन सुना बी आता ह्या उजेडानं पान्याला येत्यात. त्यांस्नी काय सांगू, भोपळ्याचं लगीन हाय, तुमी पडा पाटात?"

मामा म्हणाला, "म्या जाईन की मोटरीला."

"तुमी जाल! तुमास्नी दिवसा डोळ्यानं दिसत न्हाई."

दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत. मला उजेड ठेवायचा होता आणि अंधारही ठेवायचा होता, एकाच अर्ध्या एकरात. मी आठ दिवसांची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. मी लिहिलं, घरचं कार्य.

ते आठ दिवस मी बसल्याचं मला आठवत नाही. मर्क्युरीचा एक दोष असा, की तो बटण दाबल्याबरोबर लागत नाही, सावकाश पेटतो. म्हणजे गरजेपुरता लाव-विझव करायची सोय नाही. तरी पहिल्या दिवशी मी गोड्या तेलाचा डबा कापून त्याची टोपी केली आणि दिव्याला घातली. पाखरं टोपीच्या आत शिरून मरू लागली, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी दिवाच उतरवला. खांब तसाच उभा ठेवून त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर साधा बल्ब लावला. पाखरं कमी, पण येतच होती. मामा शेजारी उभा राहून म्हणाला, "अजून खाली." मी वीतभर खाली घेतला. "अजून." मी चिडलो. "किती खाली, मामा?" मामानं आपला पाय पुढं टाकला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

मॅट्रिकपासून ज्या गोष्टीवर मी लोकांना हसवलं, ती तिथं माझ्यासमोर धोतर सारून उभी होती.

गणपती तोंडावर आले होते. मी सांगलीला जाऊन मंडळाच्या आरासीतले झिरोचे रंगीत बल्ब मागून आणले. पिवळे, तांबडे, निळे, पांढरे. कुठल्या रंगावर पाखरू कमी येतं ते बघायची युक्ती मामीची. तिनं वस्तीवरून चार सुपं गोळा केली, त्यांना पिठाची खळ फासली आणि एकेका बल्बखाली एकेक सूप ठेवलं. सकाळी चहाच्या आधी आम्ही तिघं सुपं बघत बसायचो. निळ्याखाली आणि पांढऱ्याखाली पंखच पंख. पिवळ्याखाली चिलटं. तांबड्याखाली जवळजवळ काही नाही, पण तांबड्यात मामीला पाट आणि वाट वेगळी दिसेना. "ह्यात समदंच कुंकू दिसतंय," म्हणाली. तेव्हा पिवळा ठरला.

झाकायला कौलं. खोपटावरची जुनी नळीची कौलं, अर्ध्या नळ्यासारखी. प्रत्येक बल्ब अशा एका कौलाखाली, वेलाच्या अंगाला कौलाची पाठ, वाटेच्या अंगाला तोंड. उजेड वर जाणार नाही, वेलात जाणार नाही. खोपटापासून विहिरीपर्यंत पायवाटेवर नुसते चार पिवळे ठिपके. आणि बटण खोपटाच्या दाराशी, दोरी ओढायचं. निघताना ओढा, परत आलात की ओढा. संपलं माझं इंजिनिअरिंग. मामीनं त्या रात्री चालून बघितलं. आम्ही वाट बघत उभे. ती विहिरीपाशी जाऊन ओरडली, "पायाचा अंगठा दिसतूया. बास!"

पण पाखरं काही दुसऱ्या दिवशी हजर झाली नाहीत. मेली ती मेली होती. म्हणून रोज दिवेलागणीला आम्ही तिघं वेलात. मामा एका टोकाला, मी दुसऱ्या, मामी डाव्या हातानं मधे. नर फुलाला लांब देठ. ते खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. पहिल्या संध्याकाळी मी मन लावून तीस-चाळीस लग्नं लावली. मामी मागून बघत आली आणि पदर तोंडाला लावून बसलीच खाली. "आवं, इकडं या, इकडं या! बापूनं समदं नवरदेव नवरदेवांस्नीच लावल्यात!" मामा इतका हसला, की त्याला ठसका लागला. ओव्हरसियर होऊन दहा वर्षं झाली होती मला.

पाचवी की सहावी संध्याकाळ असेल. उजेड जाऊन फुलं तेवढी दिसत होती. मामानं एकदम हात वर केला. आम्ही जागच्या जागी थांबलो. आधी आवाज आला. चरख्याचं चाक लांबून ऐकू यावं तसा. मग एका फुलासमोर हवा नुसती थरथरली. तिथं काहीतरी उभं होतं, टेकलेलं नव्हतं. मग पुढच्या फुलाशी. मग त्याच्या पुढच्या. माझ्या हातात नर फूल होतं, ते मी कधी टाकलं कळलं नाही. मामानं हात खाली केला आणि इतक्या हळू बोलला, की मामी "काय?" म्हणाली. तो म्हणाला, "चला घरला. पावनं आल्यात."

फार भोपळे धरले नाहीत. पुढची फुलं थोडी, जी धरली ती उशिराची. पण धरले. माघात ते वाळून हाडासारखे झाले. दस्तगीरचाचा येऊन एकेकावर बोटाच्या पेरानं टकटक करून, कान लावून बसले. सगळ्यात मोठा त्यांनी तिथंच कापला. आतून बी ओतलं ते मामीच्या सुपात. मामानं पहिली मूठ डब्यात टाकली आणि दुसरी माझ्या रुमालात बांधली. "बी दोन ठिकानी असूं दे," म्हणाला. "तुजा काय भरवसा न्हाई. पर तुजी बायकू शानी हाय."

मी त्या कौलाच्या दिव्याचा नकाशा काढून खात्यात दाखवला होता. साहेब म्हणाले, "उत्तम. आता तुळशीवृंदावनाचाही काढा." तो नकाशा शालिनीनं मसाल्याच्या फळीवर घातला, कागद जाड होता. पंचवीस फुटी खांब मात्र मळ्यात उभाच राहिला. त्यावर पिंगळा बसायचा.

मामाला जाऊन दोन वर्षं झाली. मळ्यात आता ऊस आहे. तिथंही पाणी आलं, मामाच्या पोरांनी ऊस लावला, त्यांचं काय चुकलं? यंदा उन्हाळ्यात मी मामीकडे गेलो तेव्हा तिनं डबा माझ्यासमोर उघडला. बियांना भुंगा लागून नुसता भुसा झाला होता. "बापू, तुज्याकडचं हाय का रं?" एवढंच विचारलं तिनं. मी हो म्हणालो. घरी येईपर्यंत मला खात्री नव्हती. रुमाल शालिनीनं गव्हाच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवला होता. मामानं माणसं बरोबर ओळखली होती.

तर आता तो वेल, आणि तो दिवा. मी काल सकाळीच नगरपालिकेत जाऊन चौकशी केली. टेबलामागचा तरुण म्हणाला, "साहेब, दिवा लावा म्हणून अर्ज येतात. झाका म्हणून आलेला हा पहिलाच." मी म्हणालो, सगळा नको झाकायला. समोरची मुलगी कॉलेजातून उशिरा येते, तिला वाट दिसलीच पाहिजे. फक्त माझ्या भिंतीच्या अंगानं. त्यानं माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. "तुम्ही लायनीतलेच. हवं तर तुम्हीच चढा." काल दुपारी मी चढलो. पन्नाशी जवळ आलेला माणूस, हातात अर्धा कापलेला तेलाचा डबा, खाली शिडी धरून बायको, आणि भोवती गल्ली. "पडलात तर मी झेलणार नाही हं," ती म्हणाली. "हात माझा मोडेल, आणि मग तुम्ही घरात मर्क्युरी लावाल."

आज संध्याकाळी मी वेलाशी उभा आहे. दिवा लागला आहे. रस्ता लख्ख, माझी भिंत काळोखात. डब्यानं काम केलं. मादीची तीन फुलं उमलली आहेत. नर फुलं खुडून मी हातात धरली आहेत; कोण कुठलं हे दोनदा तपासलं आहे. तसं मी लावू शकतो. लावीनही. पण थोडा वेळ वाट बघावी म्हटलं. शहरात, इतक्या घरांत, ते येईल की नाही? आता सातची बस गेली. पावलं ठरत नाहीत. मी फाटकापर्यंत जातो, परत येतो.

आतून हाक येते, "अहो, कुठं आहात?" आता ही पडवीतला दिवा लावणार. मी ओरडायला तोंड उघडतो.

पडवीतला दिवा लागत नाही. अंधारात पावलं येतात. शालिनीच्या हातात बॅटरी आहे. काचेवर पदराची दुहेरी घडी, हात सरळ खाली सोडलेला. पायापुरता उजेड. मामाच्या मळ्यात ती फुलोऱ्यात कधी आलीच नव्हती. मी एकदा सांगितलं होतं तिला, हसवायला म्हणून.

ती माझ्याशेजारी येऊन उभी राहते. बॅटरी विझवते.

"आलं का?"

"अजून नाही," मी म्हणतो.

"थांबू मग," ती म्हणते, आणि माझ्या हातातली अर्धी फुलं आपल्या हातात घेते.